उघड्या गाडीवरचा माल कशाने बांधावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कशेडी, परशुराम, कुंभार्ली, आंबा किंवा करूळ यांपैकी एखाद्या घाटात मालाची गाडी उलटली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत बहुधा एकच कारण छापून येते : चालकाचा ताबा सुटला. ताबा सुटतो हे खरे. पण उघड्या हौद्याच्या ट्रकवर किंवा सपाट ट्रेलरवर लोखंडी पाइप, सळया, कॉइल, विजेचे खांब किंवा पोकलेन असा माल असेल, तेव्हा अनेकदा आधी माल हलतो, हललेल्या मालाने गाडीचा तोल जातो आणि मग चालकाच्या हातात फारसे काही उरत नाही. पंचनामा होईपर्यंत दोर तुटलेले असतात, पट्टे फाटलेले असतात आणि माल दरीत गेलेला असतो. मुळात तो कशाने बांधला होता, हे विचारायला कोणी थांबत नाही. चिपळूण परिसरात मी उघड्या गाड्यांचा व्यवसाय करतो. बांधणीचे साहित्य विकत घेताना काय पाहावे, याविषयी गाडीमालक, ठेकेदार आणि माल पाठवणारे कारखानदार या तिघांसाठी आपल्या वृत्तपत्रातून काही लिहावे, असे पावसाळ्याच्या तोंडावर वाटले.

आपल्याकडे हे साहित्य दोन गोष्टी पाहून घेतले जाते : जाडी आणि किंमत. तालुक्याच्या गावातील एका हार्डवेअरच्या दुकानात मी मागे रॅचेट पट्ट्यांची, म्हणजे दांडा मागेपुढे करून दातांच्या कळीने आवळायच्या पट्ट्यांची, चळत उलटीपालटी करून पाहिली. बहुतेक पट्ट्यांवर शिवलेली चिठ्ठी नव्हतीच. काहींवर ती कापून टाकल्याच्या खुणा होत्या आणि काळ्या मार्करने ‘५ टन’ असे लिहिलेले होते. विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “लेबल कोण बघतो शेठ, पट्टा हातात घेऊन बघा ना किती जाड आहे तो.” त्यांचा दोष फार नाही, कारण गिऱ्हाईक तसेच मागते. परंतु ती चिठ्ठी हीच त्या पट्ट्याची खरी ओळख आहे आणि ज्यावर ती नाही किंवा वाचता येत नाही, तो पट्टा कितीही जाड असला तरी मालावर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिठ्ठीवर काय असते ते थोडे सविस्तर सांगतो. ईएन १२१९५ या युरोपीय प्रमाणानुसार बनवलेल्या पट्ट्यांवर चिठ्ठीचा रंगसुद्धा अर्थपूर्ण असतो : निळी म्हणजे पॉलिएस्टर, हिरवी म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर एलसी या अक्षरांपुढे बांधणीची क्षमता लिहिलेली असते. ५० मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या पॉलिएस्टर पट्ट्यावर हा आकडा बहुधा २५०० डेकान्यूटन असतो, म्हणजे ढोबळमानाने अडीच टनांची ओढ. त्याच चिठ्ठीवर पट्ट्याचा फेरा दाखवणारे एक छोटे चित्र आणि त्यापुढे ५००० हा आकडाही असतो. तो पट्टा मालाभोवती फिरवून दोन्ही पदर एकाच दिशेने ओढ घेत असतील तेव्हाचा. बाजारातला ‘पाच टनी पट्टा’ इथून जन्माला येतो. कधी तर तुटण्याचा आकडाच वापराचा आकडा म्हणून सांगितला जातो. सरळ एका पदराने ओढ घेणारा पट्टा पाच टनांचा समजून लावला, तर निम्मी ताकद कागदावरच राहिली असे समजावे.

त्याहून दुर्लक्षित आकडा एसटीएफ या अक्षरांपुढे असतो. रॅचेटच्या दांड्यावर हाताने ५० किलोंचा जोर दिला असता पट्ट्यात प्रत्यक्ष किती ताण राहतो, ते हा आकडा सांगतो. साध्या आखूड दांड्याच्या रॅचेटमध्ये तो साधारण तीनशे डेकान्यूटनच्या, म्हणजे तीनशे किलोंच्या आसपास असतो आणि लांब दांड्याच्या, खाली ओढून आवळायच्या रॅचेटमध्ये पाचशेपर्यंत जातो. आपल्याकडे पट्टा मालाच्या वरून टाकून दोन्ही बाजूंना हौद्याच्या कड्यांत अडकवतात. या पद्धतीत माल धरून ठेवण्याचे काम पट्टा स्वतः करत नाही. तो मालाला खाली दाबतो आणि त्या दाबाने वाढलेले घर्षण मालाला धरते. म्हणजे अडीच टनांची क्षमता असलेला पट्टा मालावर प्रत्यक्षात तीनशे किलोंच्या ताणाने बसलेला असतो, आणि उपयोग होतो तो या तीनशेचा. हे एकदा समजले की निवडीची सगळी दिशा बदलते.

हिशेब करून पाहू. जोराचा ब्रेक लागला की माल आपल्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाऊ पाहतो आणि वळणावर बाजूला किंवा वेग घेताना मागे ०.५ पट जोराने, असे युरोपीय प्रमाणात धरतात. अमेरिकेच्या नियमांतही हेच आकडे आहेत. समजा, दहा टनांचा लोखंडी माल फळ्यांच्या हौद्यावर ठेवला आहे, त्याच्या पुढे काहीही आडवे नाही, लोखंड आणि फळी यांच्यातील घर्षणांक, म्हणजे एकमेकांवरची पकड दाखवणारा आकडा, ०.३ आहे, पट्टे दोन्ही बाजूंना सरळ उभे खाली उतरतात आणि प्रत्येकात तीनशेचा ताण आहे. अशा वेळी नुसत्या वरून टाकलेल्या पट्ट्यांनी माल पुढे जाण्यापासून रोखायचा तर प्रमाणातल्या सूत्राने ३५ पट्टे लागतात. आपल्या रस्त्यांवर दहा टनांना चार पट्टे दिसले तरी बांधणी चांगली समजली जाते! आता त्याच मालाखाली घसरणरोधक रबरी मॅटचे तुकडे घातले आणि घर्षणांक ०.६ वर नेला, तर ३५ चे ७ होतात. आणि माल पुढच्या मजबूत भिंतीला घट्ट भिडवून ठेवला किंवा मधली जागा लाकडी ओंडक्यांनी भरून काढली, तर पुढच्या दिशेचा बहुतेक भार ती भिंत घेते आणि पट्ट्यांकडे मुख्यतः बाजूला व मागे सरकणे रोखण्याचे काम राहते.

म्हणून पैसे मोजकेच असतील, तर जाड पट्ट्यांच्या आधी रबरी मॅट घ्यावी, असे मी आमच्या व्यवसायातील मंडळींना सांगतो. ही वस्तू दिसायला क्षुल्लक वाटते, गाडी दिमाखदार दिसायला तिचा काही उपयोग नाही आणि हमालांना ती घालणे म्हणजे कटकट वाटते, त्यामुळे ती मागे पडते. जुन्या टायरचे तुकडे वापरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मालाच्या धारेवर पट्टा कापू नये म्हणून ते ठीक आहेत, पण गुळगुळीत झालेला, तेल प्यायलेला टायरचा तुकडा मालाखाली घालून ०.६ चा घर्षणांक मिळेल अशी अपेक्षा धरणे चूक आहे. शिवाय पट्टा किती तिरका उतरतो यावरही बरेच अवलंबून असते. रुंद आणि बुटका माल असेल आणि पट्टा हौद्याच्या पृष्ठभागाशी ३० अंशांचाच कोन करत असेल, तर दाबण्याची ताकद उभ्या पट्ट्याच्या निम्मीच राहते. अशा मालासाठी वरून पट्टा टाकण्यापेक्षा चारी कोपऱ्यांतून तिरक्या साखळ्या लावून थेट ओढून धरणे कितीतरी चांगले.

साखळीच्या बाबतीत घोटाळा वेगळा आहे. दुकानात ‘ग्रेड ८०’ या पोलादाच्या दर्जाची म्हणून मिळणारी साखळी उचलण्यासाठी वापरायची असेल तर १० मिलिमीटरला ३.१५ टन क्षमता धरतात आणि माल बांधण्यासाठी वापरायची असेल तर ६.३ टन, ८ मिलिमीटरला हेच आकडे २ आणि ४ टन आहेत. फरक सुरक्षेच्या पटीचा आहे, म्हणजे तुटण्याच्या जोराच्या किती खाली वापर ठेवायचा याचा. क्रेनवाल्याला उचलण्याचा आकडा हवा, आम्हाला बांधण्याचा. पण कोणता आकडा कशाचा हे न विचारता साखळी घेतली जाते. त्याहून वाईट म्हणजे विहिरीवरची किंवा फाटकाला लावायची साधी मऊ लोखंडाची साखळी जाड दिसते म्हणून ट्रेलरवर आणली जाते. तिच्या कड्यांवर ग्रेडची खूण नसते आणि ती केव्हा ताणून लांब होते ते कळतही नाही. पोकलेन, रोलर, जेसीबी अशा यंत्रांना मात्र पट्टे नकोतच. दात, कडा, गरम भाग आणि तेल यांच्यात पट्टा टिकत नाही. तिथे चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या, प्रत्येकीला ती आवळायचा स्वतंत्र बाइंडर, आणि बकेट व बूम हौद्यावर टेकवून तेही बांधलेले, एवढे तरी हवे. एकच लांब साखळी चारी कोपऱ्यांतून फिरवून आणलेली मी अनेकदा पाहिली आहे. ती एका जागी सुटली की सगळीकडे सैल होते.

दोर ही सवय मात्र सुटायला हवी. काथ्याचा दोर पाण्याला टिकतो म्हणून आपल्या किनाऱ्यावर त्याला मान आहे आणि होडी बांधायला, मांडव घालायला तो उत्तमच; परंतु तो ताणतो आणि ताण धरून ठेवत नाही. नायलॉनचा दोर मजबूत असतो, पण भिजला की आणखी सैलावतो, म्हणजे पनवेलला आवळलेला दोर जुलैच्या पावसात माणगावपर्यंत येतायेता ढिला झालेला असतो. पिवळ्या-निळ्या चकचकीत प्लॅस्टिकच्या दोऱ्या तर उन्हात वर्षभरात चुरा होतात. पॉलिएस्टर भिजल्याने फारसे सैलावत नाही, म्हणून या हवामानात पट्टा घ्यायचा तो पॉलिएस्टरचाच. एक खबरदारी तिथेही आहे : सिमेंट आणि चुना यांसारख्या अल्कलीयुक्त पदार्थांनी पॉलिएस्टर खराब होते, तर नायलॉनला आम्लाने धोका होतो. सिमेंटच्या गोण्या वाहून नेणाऱ्या गाडीवरचे पट्टे स्वच्छ पाण्याने धुऊन ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे.

कोकणाच्या किनाऱ्याची खास अडचण आहे ती खाऱ्या हवेची. घाटावरच्या ट्रान्स्पोर्टवाल्याकडे जे रॅचेट चार वर्षे बिनतक्रार चालते, ते रत्नागिरी, जयगड किंवा देवगडच्या बंदराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर एका पावसाळ्यात आखडते. रॅचेट नीट निरखून पाहिले तर गंज आधी दांड्यावर दिसत नाही. तो दात अडवणाऱ्या पट्टीच्या खाली, छोट्या स्प्रिंगच्या भोवती आणि पट्टा गुंडाळणाऱ्या आडव्या दांड्याच्या फटीत धरतो. स्प्रिंग कमजोर झाली की ती पट्टी दातात पुरती बसत नाही, आवळताना नेहमीसारखा खटखट आवाज येतो आणि क्लीनरला वाटते की आवळले गेले. पुढच्याच खड्ड्यात एक दात सुटतो. म्हणून किनाऱ्यावर चालणाऱ्या गाडीसाठी रॅचेट घेताना नुसत्या चकाकीवर न जाता जस्ताचा थर चांगला जाड आहे ना आणि स्प्रिंगपर्यंत हात पोहोचेल अशी रचना आहे ना, हे पाहावे. प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून रॅचेटच्या सांध्यांना तेलाचा थेंब द्यावा. तेल पट्ट्याला मात्र लागू देऊ नये.

साखळीवरचा गंज काढण्यासाठी काही गॅरेजमध्ये तेजाबाचा वापर होतो, हा प्रकार धोकादायक आहे. ग्रेड ८० सारख्या कडक पोलादाला आम्लातून हायड्रोजन लागला की ते ठिसूळ होते आणि वरून नवी दिसणारी साखळी एकाएकी तुटते. तुटलेली कडी गॅसने जोडून घेणेही तितकेच वाईट, कारण तापवल्याने त्या कडीच्या पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरते. तुटलेली साखळी भंगारात जाते, दुरुस्तीला नाही. तसेच पट्ट्याची एक कड कापली गेली असेल तर तो टाकावा. गाठ मारून वापरलेल्या पट्ट्याला चिठ्ठीवरचा आकडा लागू राहत नाही; त्याची ताकद बरीच उतरते. रॅचेटच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून आवळण्याची सवय सर्वत्र आहे. तिने ताण वाढल्यासारखा वाटतो खरा, पण दांडा, दात आणि मालाची धार या तिघांवर अंदाजाबाहेरचा जोर येतो. ताण कमी पडत असेल तर लांब दांड्याचे रॅचेट घेणे हाच उपाय आहे.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात नव्हे तर बॉडी बांधणाऱ्याकडे ठरते. उत्तम पट्टा, उत्तम साखळी घेतली आणि ती हौद्याच्या ज्या कडीत अडकवायची ती कडी उरलेल्या सळईचा तुकडा वाकवून जोडलेली असेल, तर सगळ्या बांधणीची ताकद त्या जोडाइतकीच. आपल्याकडे हौदा बांधताना फळ्या कोणत्या, रंग कोणता, फाळक्यावर चित्र कोणते यावर तासन्‌तास चर्चा होते. कड्या किती, कुठे आणि किती टन ओढ घेणाऱ्या, हे विचारलेच जात नाही. नवी गाडी बांधून घेणाऱ्याने कड्या चासीच्या आडव्या तुळयांना जोडून घ्याव्यात, बाजूच्या पातळ पत्र्याला नव्हे, आणि पट्ट्याच्या हुकाचे तोंड कडीत पुरते बसते की नुसते टोकावर लटकते, ते एकदा प्रत्यक्ष अडकवून पाहावे. टोकावर भार आलेला हुक उघडतो.

मालाप्रमाणे निवड बदलते, हे सांगायला फार शब्द नकोत, फक्त कॉइलचा उल्लेख स्वतंत्रपणे करतो. रायगड जिल्ह्यातून पोलादाच्या कॉइल घेऊन निघणारे ट्रेलर महामार्गावर रोज दिसतात. एकेक कॉइल वीस-वीस टनांची असू शकते आणि ती गोल असल्याने सरकण्याबरोबर घरंगळण्याचीही शक्यता असते. नुसत्या दोन पाचरींवर ठेवलेली कॉइल हा रस्त्यावरच्या प्रत्येकासाठी धोका आहे. तिला खोल पाळणा हवा, पाळण्याखाली रबर हवे आणि कॉइलच्या छिद्रातून पुढे-मागे तिरक्या साखळ्या हव्यात, धारेवर संरक्षक तुकडे घालून. फायबरच्या होड्या बंदरावर नेताना मात्र याच्या उलट : तिथे साखळी नको, रुंद पट्टा आणि खाली गादीचा आधार हवा, नाहीतर बांधणीच होडीला तडा देते. जांभ्याच्या चिऱ्यांना पट्ट्याची फारशी गरज नसते, पण चिरा फाळक्याच्या वर रचू नये आणि वर ताडपत्री बांधावी, इतके पाळले तरी खाणीतून उतरणाऱ्या गाड्यांमागे दुचाकीवरून जाणारे निर्धास्त होतील.

आता कायद्याविषयी. जादा भार भरला तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. माल बाजूंनी, पुढे-मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर आला तरी २० हजारांचा दंड आहे. हौद्याच्या मागे सळया बाहेर काढून नेण्याची मुभा केंद्र सरकारने २०१४ साली काढून घेतली. हे सगळे योग्यच आहे. परंतु जादा भार वजनकाट्यावर कळतो, बाहेर आलेली सळई डोळ्यांना दिसते, आणि बांधणीकडे मात्र तपासणी नाक्यावर कोणी वळूनही पाहत नाही. चिठ्ठी आहे का, कड्या शाबूत आहेत का, रॅचेटचे दात बसतात का, हे पाहायला यंत्र लागत नाही आणि पाच मिनिटांहून जास्त वेळही लागत नाही.

आणि हा भार एकट्या चालकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पट्टे विकत घेतो मालक, माल कसा ठेवायचा ते ठरवतो माल पाठवणारा, घाईने चढवतात हमाल, आणि मध्यरात्री आंबा घाटात थांबून सैल पट्टा आवळायचा तो चालकाने आणि क्लीनरने. काही मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर पट्टे, साखळ्या तपासूनच गाडी आत घेतात. पण लहान ठेकेदार, खडी-सिमेंटचे व्यापारी आणि सरकारी कामांवर खांब-पाइप पुरवणारे यांच्याकडे तसे काही नाही. भाडे ठरवताना बांधणीच्या साहित्याचा खर्च कोणी धरत नाही. चार हजार कमी भाड्यात येणाऱ्या गाडीलाच माल मिळतो आणि ते चार हजार कुठे वाचवले, हे हौद्यावर चढून पाहिले की लगेच कळते.

माझी सूचना अशी आहे. सार्वजनिक बांधकाम खाते, वीज वितरण आणि पाणी योजना यांच्या निविदांमध्ये पाइप, खांब व यंत्रे आणताना प्रमाणित पट्टे-साखळ्या आणि मालाखाली रबरी मॅट असल्याची अट घालावी आणि त्याचा खर्च वाहतुकीच्या दरात स्वतंत्रपणे मान्य करावा. परिवहन कार्यालयांनी योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत उघड्या गाड्यांच्या कड्या आणि पुढची भिंत यांचाही समावेश करावा. चिठ्ठीशिवायचे पट्टे ‘पाच टनी’ म्हणून विकणाऱ्यांवर वैधमापन खात्याने लक्ष घालावे. चालकांसाठी एक साधी व्यवस्था व्हावी : घाट सुरू होण्यापूर्वी, म्हणजे पोलादपूर, खेर्डी, साखरपा आणि वैभववाडी येथे, अवजड गाड्या सुरक्षितपणे बाजूला उभ्या करता येतील अशी दिवे असलेली जागा. माल पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतो आणि पट्टे सैल होतात, म्हणून अमेरिकेत पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधणी तपासण्याचा नियम आहे. आपल्या चालकाने तसे करायचे ठरवले, तर आज त्याला थांबायलाच जागा नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या कामात पुलांखाली आणि जुन्या वळणांवर अशा जागा मोकळ्या झाल्या आहेत. त्यांचा विचार पावसाआधी व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाहतूक व्यावसायिक
चिपळूण, जि. रत्नागिरी